तालुक्यातील ग्रंथालयांचे बालविभाग: स्वतंत्र, केंद्राधीन की सहकारी?

दरवर्षी 15 ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनी, एकाच तालुक्यातील अनेक सार्वजनिक ग्रंथालये एकाच सकाळी ग्रंथप्रदर्शन भरवतात, त्याच दोन-तीन शाळांना निमंत्रण देतात आणि कथाकथन करणाऱ्या एकाच व्यक्तीची तारीख मिळवण्यासाठी धडपडतात. त्यानंतर 14 नोव्हेंबरच्या बालदिनापर्यंत, आणि पुढे पुष्कळदा थेट उन्हाळी सुट्टीपर्यंत, त्यांच्या बालविभागांत फारसे काही घडत नाही. ग्रंथपालांनी आधी एकत्र बसून आखणी केली तर हे टळेल, याविषयी सहसा दुमत नसते. एकत्र यायचे ते नेमके कशात आणि किती, या प्रश्नावर मात्र पहिल्याच बैठकीत मते फुटतात. व्यवहारात तीन रचना संभवतात. पहिलीत प्रत्येक ग्रंथालय आपापला बालविभाग स्वतंत्रपणे चालवते आणि समन्वय केवळ तारखा कळवण्यापुरता राहतो. दुसरीत तालुक्याचे मोठे ग्रंथालय केंद्र होऊन खरेदी, गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या आणि कार्यक्रम यांची आखणी करते. तिसरीत सर्व ग्रंथालये बरोबरीच्या नात्याने मंडळ करून कामे आणि पुस्तके वाटून घेतात.

निवड करण्याआधी महाराष्ट्रातील ग्रंथालयांची घडण ध्यानात घेतली पाहिजे, कारण निम्मे उत्तर तीतच दडलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 सालचा आहे आणि त्याखालील मान्यता व अनुदानाचे नियम 1970 चे आहेत. या व्यवस्थेत गावोगावची ग्रंथालये ही शासनाची कार्यालये नाहीत. त्या स्वतंत्र नोंदणीकृत संस्था असून प्रत्येकीचे स्वतःचे कार्यकारी मंडळ, स्वतःचा कार्यवाह आणि स्वतःचा लेखापरीक्षक असतो. शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देते आणि तपासणी करते. त्यामुळे तालुक्याचे ‘अ’ वर्ग ग्रंथालय शेजारच्या गावातील ‘ड’ वर्ग ग्रंथालयाहून कितीही मोठे असले, तरी त्याला आदेश देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. गोव्यातील चित्र निराळे आहे. तेथे 1832 साली पणजीत सुरू झालेले आणि आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाणारे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय शासकीय असून तालुका ग्रंथालये त्याच यंत्रणेचा भाग आहेत. वरून खाली आखणी उतरवणे तेथे स्वाभाविक ठरते. तीच पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणू पाहणाऱ्यांचा अपेक्षाभंग होतो तो याच कारणाने.

स्वतंत्र बालविभागांची रचना सर्वांत सोपी आहे, कारण तीत कोणाला काहीच बदलावे लागत नाही. ग्रंथपाल आपल्या गावातील मुलांना नावाने ओळखतो, कोणत्या मुलाला भुताच्या गोष्टी हव्यात आणि कोणाला किल्ल्यांची माहिती हवी हे त्याला ठाऊक असते, आणि ही ओळख कोणत्याही मध्यवर्ती यादीत येत नाही. जेथे ग्रंथालय ‘अ’ वर्गाचे आहे, बालविभागासाठी वेगळी खोली आणि वेगळी व्यक्ती आहे, तेथे ही रचना मोडण्याचे कारण नाही. अडचण लहान ग्रंथालयांची आहे. तेथे एकच व्यक्ती कुलूप उघडण्यापासून देवघेवीपर्यंत सर्व कामे पाहते, आणि तुटपुंज्या रकमेतून मुलांसाठी वर्षाकाठी जी थोडी पुस्तके घेतली जातात, ती सुट्टीच्या पहिल्या पंधरवड्यातच नियमित येणाऱ्या मुलांची वाचून संपतात. शिवाय सहा ग्रंथालयांनी सहा वेळा स्वतंत्र खरेदी केली की त्याच गाजलेल्या पुस्तकांच्या सहा प्रती तालुक्यात येतात आणि उरलेली शेकडो शीर्षके कोणाकडेच नसतात. खरेदीचा काळही प्रतिकूल असतो. अनुदान हप्त्यांनी येत असल्यामुळे आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला संपत असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी पुस्तके फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईघाईने घेतली जातात, म्हणजे नेमकी मुले परीक्षेत गुंतलेली असताना. हा दोष एकट्या ग्रंथपालाच्या हातचा नाही. पण निवडीची यादी सर्वांनी मिळून डिसेंबरातच तयार करून ठेवली, तर निदान घाईतली निवड टळते.

केंद्राधीन रचनेचे आकर्षण समजण्याजोगे आहे. एका ठिकाणी जाणकार व्यक्ती असते, प्रकाशकांशी आणि विक्रेत्यांशी बोलणे एकाच ठिकाणाहून होते, कार्यक्रमाचे साहित्य एकदाच तयार होते आणि लहान ग्रंथालयाने फक्त ते वापरायचे असते. ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालयांत 1999 पासून उन्हाळी सुट्टीतील जो वाचन उपक्रम चालतो, त्याचे यश याच तत्त्वावर उभे आहे. विषय आणि नोंदपत्रके एका संस्थेने तयार करायची, मुलांनी सुट्टीत सहा पुस्तके वाचायची आणि प्रत्येक स्थानिक ग्रंथालयाने तो उपक्रम आपल्या पद्धतीने राबवायचा. तेथे मध्यवर्ती संस्था साहित्य पुरवते, ग्रंथालय चालवत नाही, आणि आपल्या दृष्टीने हाच भेद मोलाचा आहे. तालुक्याच्या ग्रंथालयाने साहित्य, विषय आणि तारखा पुरवल्या तर लहान ग्रंथालये ते आनंदाने घेतात. पण तेच ग्रंथालय कोणत्या मुलांना बोलवावे, वर्गणी किती असावी आणि अहवाल कोणत्या नमुन्यात द्यावा हे सांगू लागले, की त्यांचे कार्यवाह बैठकींना येणे थांबवतात. याहून मोठी जोखीम अशी की सारे काही केंद्रातील एका उत्साही ग्रंथपालावर अवलंबून राहते. तो निवृत्त झाला किंवा त्याच्या मंडळाने प्राधान्य बदलले, तर पुढच्या वर्षी पेट्या हलत नाहीत.

तिसरी, सहकारी रचना कागदावर सर्वांत देखणी दिसते आणि सर्वांत आधी फसतेही, म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागेल. तिचा गाभा म्हणजे फिरती पेटी. समजा, तालुक्यातील सहा ग्रंथालयांनी प्रत्येकी 40 पुस्तकांची एक पेटी केली आणि दर दोन महिन्यांनी पेट्या पुढच्या ग्रंथालयाकडे सरकवल्या, तर वर्षभरात प्रत्येक गावातील मुलांसमोर 240 पुस्तके येतात, आणि प्रत्येक ग्रंथालयाचा खर्च मात्र 40 पुस्तकांचाच राहतो. अर्थात यासाठी सहाही याद्या आधी एकमेकांशी ताडून पाहिल्या पाहिजेत, नाहीतर सहा पेट्यांत तीच पुस्तके फिरत राहतील. पेटी फिरवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 2009 मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पेट्या दुबईतील मराठी वाचकांपर्यंत पोहोचल्या. पण त्या उपक्रमात पुस्तकांची मालकी एका संस्थेची आहे. सहा स्वतंत्र ग्रंथालयांच्या पेट्यांत ती सहा जणांची असते, आणि खरी गाठ तेथेच बसते.

अनुदानातून घेतलेले प्रत्येक पुस्तक त्या ग्रंथालयाच्या दाखलनोंद रजिस्टरमध्ये चढते, त्याला दाखल अंक मिळतो आणि तपासणीच्या वेळी ते कपाटात असावे, अथवा कोठे आहे ते दाखवता यावे, अशी अपेक्षा असते. पेटीतील पुस्तक तिसऱ्या गावात गहाळ झाले, तर भरपाई कोणी करायची? ज्याच्या रजिस्टरमध्ये ते आहे त्याने, ज्याच्याकडे पेटी होती त्याने, की ज्या मुलाने नेले त्याच्या पालकांनी? हा प्रश्न पैशाचा कमी आणि विश्वासाचा अधिक आहे. एखाद्या पातळ चित्रपुस्तकाची किंमत फार नसते, पण ‘आमचीच पुस्तके जातात’ ही भावना एकदा रुजली की मंडळ संपले असे समजावे. म्हणून ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी पहिली पेटी निघण्याआधी तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात. प्रत्येक पेटीत दाखल अंकांसह यादी असावी आणि ती देणाऱ्या व घेणाऱ्या ग्रंथपालांनी प्रत्येक फेरीत सही करून तपासावी. पेटी ज्याच्याकडे असेल, त्या काळातील नुकसानीची जबाबदारी त्याचीच असावी. आणि वर्षाला काही पुस्तके फाटणार व हरवणारच हे गृहीत धरून, त्या मर्यादेपर्यंतची हानी मालक ग्रंथालयाने कुरकुर न करता सोसावी. पुस्तक घरी नेणाऱ्या मुलाकडून कडक भरपाई मागण्याची सवय ज्या ग्रंथालयाला आहे, त्याने या रचनेत न उतरलेले बरे, कारण तेथील मुले दंडाच्या धाकाने पेटीतील पुस्तकाला हातच लावत नाहीत.

आर्थिक बाजूने पाहता मंडळाला आणखी एक मर्यादा आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या साहाय्य योजनांत बालविभागासाठीही तरतूद आहे, परंतु असे साहाय्य मागायचे ते एका मान्यताप्राप्त ग्रंथालयाने; सहा ग्रंथालयांचे अनौपचारिक मंडळ ही काही नोंदणीकृत संस्था नव्हे. येथे केंद्राधीन रचना सरस ठरते, कारण केंद्र स्वतःच्या नावाने साहाय्य मिळवून पुस्तके स्वतःच्या रजिस्टरमध्ये चढवते आणि लहान ग्रंथालयांना ठरावीक मुदतीने देते. मालकीचा गुंता सुटतो. मात्र केंद्राचे कार्यकारी मंडळ आपली पुस्तके गावोगाव पाठवायला तयार आहे का, हे आधी विचारून घ्यावे. केवळ ग्रंथपालाची तयारी पुरेशी नसते.

पुस्तकांच्या निवडीत सहकारी मंडळाचा लाभ निर्विवाद आहे. अनेक बालविभागांची कपाटे आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठीच भरलेली असतात आणि पहिली-दुसरीतल्या मुलाला देण्याजोगे त्यांत जवळजवळ काही नसते. सहा ग्रंथपालांनी वयोगट वाटून घेतले, एकाने केवळ चित्रपुस्तके आणि दुसऱ्याने केवळ माहितीपर पुस्तके पाहिली, तर प्रत्येकाची नजर एका क्षेत्रात तयार होते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तके किमतीला परवडणारी आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघत आहे आणि त्याच्या अंकांची एक वेगळी पेटीही करता येते. एक लहानशी पण अनुभवाला पटणारी सूचना अशी की पातळ चित्रपुस्तके कपाटात उभी लावू नयेत. त्यांच्या कण्यावर नाव मावत नाही, त्यामुळे ती असूनही दिसत नाहीत. दर्शनी बाजू समोर येईल अशा रीतीने ती मांडली तरच मूल त्यांच्यापाशी थांबते.

शाळांमार्फत काम करण्याचा पर्याय बैठकीत कोणीतरी मांडतोच. मुले एकगठ्ठा भेटतात हे खरे. पण शाळेच्या तासाला जोडलेले वाचन लवकरच गृहपाठ होऊन बसते, आणि शाळा बंद असते त्या काळात, म्हणजे मुलांना सर्वाधिक वेळ असतो तेव्हा, हा मार्ग उपयोगी पडत नाही. त्याचा उपयोग सभासदनोंदणी आणि कार्यक्रमांच्या निमंत्रणापुरता करावा.

समाईक सभासदत्वाचा आग्रहही मला अनाठायी वाटतो. एका गावाचे मूल पुस्तकासाठी दुसऱ्या गावाच्या ग्रंथालयात क्वचितच जाते. अनामत, वर्गणी आणि उघडण्याच्या वेळा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात, आणि त्या जुळवण्यात बैठकींचे वर्ष निघून जाते. पेटी मुलाकडे जात असेल, तर मुलाने पेटीकडे जाण्याची व्यवस्था करण्याची निकड उरत नाही. शहरातील, चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या दोन-तीन ग्रंथालयांनी मात्र याचा विचार जरूर करावा.

आता निर्णयाकडे यावे. सहा ग्रंथालयांपैकी एकच सक्षम असून बाकी पाच एकहाती चालत असतील, तर केंद्राधीन रचनेने सुरुवात करावी, पण केंद्राचे काम पेट्या, याद्या आणि वार्षिक दिनदर्शिका यांपुरते लेखी मर्यादित ठेवावे. किमान तीन ग्रंथालयांत मुलांच्या कामाची आवड असलेली व्यक्ती असेल, तर सहकारी मंडळ करावे आणि निमंत्रकपद दरवर्षी फिरते ठेवावे. तशी व्यक्ती कोठेच नसेल, तर कोणतीही रचना उभी राहणार नाही. अशा वेळी स्वतंत्र राहून केवळ तारखांचा समन्वय करावा, म्हणजे 15 ऑक्टोबरची गर्दी तरी टळेल. एका ग्रंथालयाने त्या दिवशी कार्यक्रम घ्यावा, दुसऱ्याने 14 नोव्हेंबरला, तिसऱ्याने साने गुरुजींच्या जयंतीला 24 डिसेंबरला, चौथ्याने मराठी भाषा गौरव दिनी 27 फेब्रुवारीला आणि पाचव्याने जागतिक पुस्तक दिनी 23 एप्रिलला. सहाव्याच्या वाट्याला मे महिन्यातील सुट्टीचे शिबिर द्यावे. प्रत्येक कार्यक्रमाचे निमंत्रण सहाही गावांना जाईल आणि कथाकथन करणाऱ्यांना एकाच दिवशी सहा ठिकाणांहून फोन येणार नाहीत.

पहिली बैठक जुलैत घ्यावी, कारण तोवर शाळांची घडी बसलेली असते आणि गणेशोत्सवाची धावपळ अजून दूर असते. ऑगस्टमध्ये याद्या ताडून पाहाव्यात आणि पहिली पेटी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघावी. पुढच्या ऑगस्टअखेर सहावी फेरी संपेल, तेव्हा सर्व पेट्या एकाच जागी आणून सहाही ग्रंथपालांनी रजिस्टर समोर ठेवून पुस्तके मोजावीत, हरवलेल्यांबरोबरच एकदाही न उघडलेल्या पुस्तकांची यादी करावी आणि डिसेंबरच्या खरेदीच्या बैठकीत ती दुसरी यादी आधी वाचावी.