बॉक्सकारवरच्या खडूच्या खुणा: पेन्सिल, जेल पेन की डिकॅल?

१९५०च्या दशकातल्या अमेरिकन मालगाडीचं छोटं मॉडेल करताय आणि बॉक्सकार, म्हणजे मालाचे बंद डबे, फारच कोरे दिसताहेत? मग गंज-धुळीच्या आधी खडूकडे वळा. तिथल्या यार्डातले कामगार डबा कुठल्या रुळावर टाकायचा ते थेट त्याच्या अंगावर खडूने लिहीत. शिवाय काहींची स्वतःची चित्रं असत. सेंट लुईसचा 'हर्बी' म्हणजे ताडाच्या झाडाखाली मोठी टोपी घालून झोपलेला माणूस. 'बोझो टेक्सिनो'च्या टोपीची कड तर आडव्या आठच्या आकड्यासारखी.

आधी एक हिशोब करा. खऱ्या खडूची रेघ बोटभर, म्हणजे दीड सेंटिमीटर धरली तर एचओ स्केलला (१:८७) ती ०.१७ मिलिमीटर होते आणि एनला (१:१६०) ०.१ मिलिमीटरही भरत नाही. निवड इथेच निम्मी होते.

एचओसाठी माझं मत पांढऱ्या रंगीत पेन्सिलीला. टोक सँडपेपरवर घासून सुईसारखं करा आणि दर दोन आकड्यांनी पुन्हा घासा. चकचकीत रंगावर पेन्सिल घसरते, म्हणून आधी मॅट वार्निशचा हात द्या. मग रेघ खऱ्या खडूसारखी तुटक, दाणेदार उमटते. हे दुसऱ्या कशानेच जमत नाही. जुन्या खुणा पावसाने धुतलेल्या दिसाव्यात म्हणून त्यांवरून बोट फिरवा, एखादी ताजी खूण तशीच ठेवा. वरून पुन्हा वार्निश मारलं की पांढरा रंग जरा दबतो, म्हणून सुरुवातीला थोडं ठळकच लिहा.

जेल पेन सोपं वाटतं, पण ०.३ मिलिमीटरची रेघ एचओत अडीच सेंटिमीटरहून जाड ठरते आणि सगळीकडे सारखीच झळकते. लिहायला लागताच शाईचा ठिपका पडतो तो वेगळाच. मी ते वापरणं सोडलं.

एन स्केल असेल, किंवा हर्बीसारखं चित्र हुबेहूब हवं असेल, तर डिकॅलच घ्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र. तेवढं बारीक काम हाताने होत नाही. मात्र परदेशातून मागवावं लागतं, आणि एकाच डिकॅल-शीटवरचं तेच चित्र चार डब्यांवर त्याच जागी लावलं की लगेच ओळखू येतं. असे डबे गाडीत एकमेकांपासून लांब ठेवा, चित्र किंचित तिरकं लावा. चित्राखालच्या पारदर्शक पापुद्र्याची कड दिसू नये म्हणून डिकॅल मऊ करणारं द्रावण लावायला विसरू नका.

काहीही वापरा, उंची चुकवू नका. माणूस जमिनीवर उभा राहून लिहायचा, त्यामुळे खुणा छाती ते डोक्याच्या उंचीत येतात: एचओत जमिनीपासून साधारण १५ ते २० मिलिमीटर. छताजवळ लिहिलेला आकडा पाहिला की मला चैन पडत नाही.

मुंबई-कोकणात असाल तर लॅकरचं मॅट वार्निश पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत ते पांढरट धरतं आणि सगळा खडू त्यात बुडतो.