वायफाय डोंगलचा वैताग संपवणारं डीकेएमएस टूल, पाचपैकी चार स्टार

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला स्वस्तातला वायफाय डोंगल, उबुंटू लिनक्सवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला की मेलाच समजा, दरवेळी फोनचं नेट लॅपटॉपला लावून ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करत बसायचो. आधी स्वतःचीच स्क्रिप्ट करून बघितली, सिस्टिमच्या ईटीसी फोल्डरमधल्या कर्नल फोल्डरात पोस्टइन्स्ट-डॉट-डी नावाचं फोल्डर असतं ना, त्यात टाकली की नवा कर्नल इन्स्टॉल झाल्या झाल्या आपोआप चालते. माझी चाललीच नाही! दोन रात्री डोकं खाल्लं, मग कळलं नावात डॉट-एसएच होतं, आणि त्या फोल्डरातल्या स्क्रिप्ट चालवणारा रन-पार्ट्स डॉटवालं नाव गुपचूप सोडून देतो, साधी एरर पण नाही. नाव सुधारलं तर ड्रायव्हर जुन्याच कर्नलसाठी बनला, कारण कर्नलचं व्हर्जन काढायला मी यूनेम कमांड वापरलेली, रीबूटच्या आधी ती चालू असलेला जुना कर्नलच सांगणार ना. नवं व्हर्जन स्क्रिप्टला पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये मिळतं, ते घ्यायचं.

शेवटी डीकेएमएस टाकलं, नवा कर्नल आला की त्यासाठी ड्रायव्हर पुन्हा बनवायचं हे सगळं ते स्वतः करतं. एक स्टार कापला कारण कर्नल हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) नसतील तर ड्रायव्हर बिल्ड होत नाही, आणि अपडेटच्या त्या लांबलचक आउटपुटमध्ये वॉर्निंग कोण वाचतंय. चहा आणायला गेलेलो मी.