सायनाइडला दाद न देणारे सोन्याचे धातुक (धातू असलेला खनिज दगड) : एका तपासणी सेवेचे परीक्षण

बारीक दळूनही सायनाइडच्या द्रावात निम्मेसुद्धा सोने न सोडणाऱ्या धातुकाचा नमुना आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडे दिला होता. अडचण सोन्यात नसून त्याच्या सोबतच्या खनिजांत आहे, हे तिने पहिल्यापासून ओळखले आणि कामाची आखणी तशीच केली.

नमुन्यावर आधी सायनाइड, मग उरलेल्या गाळावर हायड्रोक्लोरिक आम्ल, पुढे नायट्रिक आम्ल आणि शेवटी भाजणी, असा क्रम ठेवून प्रत्येक टप्प्यानंतर गाळाला पुन्हा सायनाइड दिले गेले. त्यामुळे पायरोटाइट या लोह-गंधकाच्या खनिजात अडकलेले सोने किती, पायराइट (लोह-गंधक) आणि आर्सेनोपायराइट (लोह-आर्सेनिक-गंधक) यांच्या कणांत साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसण्याइतके बारीक होऊन दडलेले किती, याचा हिशेब वेगवेगळा मिळाला. आमचे बरेचसे सोने आर्सेनोपायराइटमध्ये निघाल्यामुळे आणखी दळण्याचा खर्च वाचला. अशा धातुकाला भाजणी, दाबाखालील ऑक्सिडीकरण किंवा जिवाणूंची मदत यांपैकी काहीतरी लागतेच. धातुकातला कार्बन विरघळलेले सोने परत शोषून घेतो का, हेही सोने स्वतःकडे ओढून घेणारा सक्रिय कोळसा घालून आणि न घालता केलेल्या चाचण्यांच्या तुलनेतून तपासले होते.

स्टिब्नाइट या अँटिमनी-गंधकाच्या खनिजाच्या बाबतीत त्यांनी दाखवलेली जागरूकता मला विशेष वाटली. हे खनिज तीव्र अल्कधर्मी द्रावात विरघळते आणि सोन्यावर पातळ थर चढून क्रिया मंदावते, म्हणून आम्ही न सांगताच त्यांनी द्रावाचा सामू (pH) थोडा उतरवून चाचणी पुन्हा घेतली. अर्थात तो फार उतरवता येत नाही, 9.2 च्या आसपास निम्मे सायनाइड विषारी हायड्रोजन सायनाइडच्या रूपात जाते.

तांब्याच्या प्रकरणात मात्र अहवाल अपुरा आहे. त्यात एकूण तांब्याचा आकडा दिला आहे, पण तांब्याच्या खनिजांपैकी चाल्कोपायराइट सायनाइडमध्ये जेमतेम विरघळते, तर चाल्कोसाइट, मॅलाकाइट आणि अॅझुराइट भराभर विरघळून सायनाइड फस्त करतात. खनिजवार विभागणीवाचून त्या आकड्यावरून सायनाइडच्या खपाचा अंदाज कसा बांधायचा? पायरोटाइट द्रावातला ऑक्सिजन खातो हे अहवालात नमूद आहे, तरी आधी हवा सोडून किंवा थोडे लेड नायट्रेट घालून काय फरक पडतो, हे पाहिलेले नाही.

पुढचा नमुना आम्ही त्यांच्याकडेच देणार आहोत, फक्त या दोन चाचण्या मागणीपत्रात लेखी नोंदवून.