डीटीपीच्या दुकानात विंडोज ७: आठ महिन्यांनंतर

लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं करतो. जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालतं आणि त्या डोंगलला नवं विंडोज ओळखच देत नाही, म्हणून सेकंडहँड मशीन घेऊन विंडोज ७ टाकलं. वेगाबद्दल तक्रार नाही, प्रिंटरही निमूट चालतो. सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला हे ठाऊक होतं. म्हटलं, आपल्या पत्रिका चोरून कोणाला काय मिळणार?

तिसऱ्या महिन्यात नेटवर्किंग शिकणारा भाचा आला. म्हणाला, "मामा, बिलिंगच्या मशीनचं फोल्डर उघडा, पण नावात मुद्दाम एक अक्षर चुकवा." चुकवलं. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडे उत्तर नव्हतं, तेव्हा विंडोजने एलएलएमएनआर आणि नेटबायोस या आसपासच्या मशीनना नाव विचारायच्या दोन पद्धतींनी नेटवर्कभर हाक मारली, हे नाव कोणाचं? भाच्याच्या लॅपटॉपने बिनदिक्कत सांगितलं, माझं. आणि आमच्या भोळ्या सांबाने माझं युजरनेम आणि पासवर्डचा हॅश, म्हणजे सांकेतिक रूप, त्याच्यापुढे ठेवला! पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि १२३. चहा गाळून होईपर्यंत फुटला.

हाक मारायची ही खोड नव्या विंडोजलाही आहे, उगाच एकट्या ७ ला बोल लावत नाही. पण माझ्या सीडीत २०११ च्या सर्व्हिस पॅकनंतरचं (अपडेटच्या गठ्ठ्यानंतरचं) काहीच नव्हतं आणि अपडेट काही केल्या चालू होईना. म्हणजे नेटबायोसच्या खोट्या उत्तरांवरचा जून २०१६ चा 'बॅडटनेल' पॅच (दुरुस्ती) नाही, खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस ज्या भोकातून शिरला त्यावरचा मार्च २०१७ चाही नाही. वर फाइल पाठवायला म्हणून वायफायचा पासवर्ड मी येईल त्या गिऱ्हाइकाला देत होतो.

नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये, विन्सच्या टॅबखाली, नेटबायोस बंद केलं. एलएलएमएनआरसाठी होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी (असे नियम लावायची खिडकी) मिळत नाही, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, हात घालावा लागला. दुसऱ्या दिवशी बिलिंगचं फोल्डर नावाने उघडेना. तासभर डोकं खाल्ल्यावर उमगलं की हे आपलंच कर्तृत्व. मग त्या मशीनला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) दिला, तोच टाइप करू लागलो. गिऱ्हाइकांना गेस्ट वायफाय.

एआरपीला, म्हणजे आयपीवरून नेमकं मशीन शोधायच्या पद्धतीला, मात्र औषध सापडलं नाही. १९८२ चा प्रोटोकॉल, "राउटर मीच" म्हणणाऱ्यावर कोणतंही मशीन विश्वास ठेवतं. शेवटी सहाव्या महिन्यात नेटची वायरच काढली.

डोंगलची अडचण नसेल तर या भानगडीत पडू नका. मी फाइली पेनड्राइव्हने नेतो, आणि परवाच एका फ्लेक्सवाल्याच्या पेनड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस आला.