नाण्यांसाठी पुठ्ठ्याचे ‘टू बाय टू’ होल्डर, दापोलीतले दोन पावसाळे वापरून झाल्यावर

दोन पावसाळे झाले म्हणून आत्ता लिहितोय. आमच्याकडे दापोलीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चामड्याच्या चपलेला बुरशी येते, पापड कपाटात मऊ पडतात, त्यामुळे इथे कुठल्याही वस्तूचं खरंखोटं जून ते सप्टेंबर काढल्यावरच कळतं.

वस्तू एकदम साधी आहे. दोन इंच बाय दोन इंच होईल अशी पांढऱ्या पुठ्ठ्याची घडी, दोन्ही बाजूला गोल खिडकी, खिडकीला आतून पातळ पारदर्शक फिल्म. नाणं मध्ये ठेवायचं, घडी मिटायची, कडेने स्टेपल मारायचे, झालं. बऱ्याच कंपन्या बनवतात आणि नाणीवाले सगळे ‘टू बाय टू’ म्हणतात, ‘पुठ्ठ्याचे फ्लिप’ म्हटलं तरी कळतं. मी आधी शंभर होल्डरचं पाकीट घेतलं होतं, एकाला साधारण तीन-चार रुपये पडले.

आता हे घ्यायची वेळ का आली ते सांगतो कारण तेच जास्त महत्त्वाचं आहे. आजोबांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात भोकाचे पैसे (ते १९४३ ते १९४७ मधले), एडवर्डचा चांदीचा रुपया, पाव आणे, नये पैसे, पोस्टाची थोडी तिकिटं असं सगळं एकत्र होतं. आजोबा गेल्यावर डबा माझ्याकडे आला आणि मी मोठ्या उत्साहाने एक छान दिसणारा अल्बम आणला, मऊ प्लॅस्टिकचे खण असलेला, कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही कारण तसलं प्लॅस्टिक वापरणारे खूप आहेत. सगळी नाणी एकेका खणात घातली, कपाटात ठेवली आणि दोन वर्षं फक्त पाहुणे आले की काढून दाखवायचो. एकदा भोकाचा पैसा बाहेर काढायला गेलो तर निघेचना, चिकटलेला, आणि ओढून काढला तर खाली हिरवा चिकट थर, गुळाच्या पाकासारखी तार येत होती. सगळी पानं बघितली. तांब्याची आणि ब्राँझची जवळपास सगळी नाणी तशीच, आणि चांदीच्या रुपयाच्या कडेलाही हिरवं आलेलं. मला वाटायचं चांदीला काय होतंय, पण त्या रुपयातही बाराव्या हिश्श्याइतकं तांबं असतंच ना.

त्या रात्री मला झोप लागली नाही खरंच. सत्तर-ऐंशी वर्षं साध्या पत्र्याच्या डब्यात धडधाकट राहिलेली नाणी मी ‘नीट ठेवतो’ म्हणून दोन वर्षांत खराब केली.

नंतर एका जुन्या संग्राहक काकांनी कारण सांगितलं. माझ्या अल्बमसारखं मऊ प्लॅस्टिक बहुतेक पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घालतात, उष्णतेने आणि दमटपणाने ती हळूहळू बाहेर झिरपतात, आणि पीव्हीसीत क्लोरिन असतं त्यामुळे आम्ल तयार होऊन तांब्याला खातं. ओळखायची खूण म्हणजे नवीन रेनकोटला जो वास येतो तोच वास अल्बम उघडल्यावर आला की समजायचं. काकांनी अजून एक परीक्षा दाखवली, तांब्याची तार गॅसवर लालबुंद करून प्लॅस्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची, ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरिन आहे, म्हणजे बहुतेक पीव्हीसीच. उघड्यावर करा हे, तो धूर नाकात जाऊ देऊ नका. माझ्या अल्बमचा तुकडा लावला तर ज्योत अशी हिरवीगार झाली की बोलायलाच नको.

हिरवा थर काढायला शुद्ध अॅसिटोन लागतं, केमिकलच्या दुकानातलं, नेलपॉलिश रिमूव्हर नाही कारण त्यात तेल-सुगंध काय काय असतं. काचेच्या वाटीत अॅसिटोन घेऊन नाणं त्यात बुडवायचं, आच आणि ज्योत लांब, खिडक्या उघड्या, आणि घासायचं अजिबात नाही, नुसतं बाहेर काढून हवेवर सुकू द्यायचं. चिकटपणा गेला माझ्या नाण्यांचा, पण जिथे आम्लाने खाल्लंय तिथले बारीक खड्डे राहिले ते राहिलेच, ते भरून येत नाहीत.

तर आता होल्डर. यातली फिल्म मायलरची म्हणजे पॉलिएस्टरची असते, त्यात ते झिरपणारं द्रव्य नसतं, वास नाही, बोटात चुरगळली की कडकड वाजते. दोन पावसाळ्यांनंतर मी एकशे चाळीस होल्डर एकेक करून भिंगाखाली बघितले, एकाही नाण्यावर नवीन हिरवं नाही, फिल्म धुरकट नाही. पुठ्ठा दमट हवेत थोडा मऊ पडतो, दोन-तीन होल्डरांच्या कडा वळल्यात, पण आतल्या नाण्याला काही नाही. माझ्यासाठी मुद्दा इथेच संपतो, पण वापरताना काही गोष्टी कळल्या त्या लिहितो म्हणजे तुमचे पैसे वाया जाणार नाहीत.

साइझ. खिडक्या साधारण अडीच-अडीच मिलिमीटरच्या फरकाने येतात, १७.५, २०, २२.५, २५, २७.५, ३० अशा. मी पहिल्यांदा सरसकट ३० मागवले, मोठं चालेल म्हणून, आणि ते चुकलं. नाणं खिडकीत सैल राहिलं की हलतं, घरंगळतं आणि स्टेपलला जाऊन घासतं. व्हर्नियर असेल तर मोजा, नसेल तर पट्टी चालेल. नवा पैसा १६ चा, त्याला १७.५ ची खिडकी, आत्ताचं दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं २७ चं, ते २७.५ मध्ये अगदी नेमकं बसतं, ब्रिटिश रुपया साडेतीसचा आहे म्हणून त्याला ३२.५ घ्या. पाच पैशाचं चौकोनी अॅल्युमिनियमचं, दोन आण्याचं चौकोनी असली नाणी बाजूने मोजू नका, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मी बाजूने मोजलं आणि वीसच्या वीस परत करावे लागले.

खिडकीतून दिसतं कसं, तर चांगलं दिसतं. सालाखालची टांकसाळीची खूण, मुंबईचा पत्त्यातल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा टिंब, दहापट भिंगाने होल्डरच्या बाहेरूनच स्पष्ट ओळखू येते, कोलकात्याला खूण नसते हे आता माझ्या पुतणीलाही पाठ झालंय. ती आधी नाणं बोटांच्या पेरात धरून बघायची, घामाचे ठसे उमटायचे, आता होल्डर हातात दिला की निवांत बघत बसते. पोरांच्या हातात बिनधास्त देता येतं, माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

स्टेपल मात्र डोकेदुखी. साध्या स्टेपलरने मारलं की मागची दोन टोकं फुगून वर राहतात आणि होल्डर एकावर एक ठेवले की शेजारच्या होल्डरची फिल्म फाटते, म्हणून मारल्यावर छोट्या पकडीने प्रत्येक टोक दाबून सपाट करायचं. आमच्याकडे दुसरी अडचण म्हणजे गंज, पहिल्या पावसाळ्यातच चाळीसेक होल्डरांच्या स्टेपलला लाल डाग आले, पुठ्ठ्यावरच थांबले म्हणून बरं. आता मी तीन बाजूंना एकेक स्टेपल मारतो पण खिडकीपासून जितकं लांब जमेल तितकं. चिकटवायचे पण मिळतात, पुठ्ठ्याला आधीच गोंद लावलेले, ते दिसायला नीटनेटके आणि गंजाचा प्रश्न नाही, पण एकदा मिटले की मिटले, नाणं बदलायचं तर फाडावे लागतात. उघडताना स्टेपल मागून आधी सोडवून घ्या. पुठ्ठा ताणून उघडलात तर स्टेपलचं टोक नाण्यावरून ओढलं जातं, माझ्या एका पाव आण्यावर राजाच्या गालावर असा ओरखडा आहे.

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या जुन्या नाण्याला, हे होल्डर चालत नाहीत, हे स्पष्ट लिहितो. आमच्या देवघरात आजीची एक शिवराई होती, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति, जाड, ओबडधोबड, गोल म्हणावं इतकी गोल नाहीच. होल्डरमध्ये घातली की पुठ्ठा फुगतो, स्टेपल धरत नाही, फिल्म ताणून चरचरते. दुदांडी शिवराया, ज्या नंतरच्या पेशवाईतल्या, त्याही जाडीमुळे बसेनात. त्यांच्यासाठी मी आम्ल नसलेल्या कागदाची छोटी पाकिटं घेतली आणि आजीची एक तेवढी कडक पारदर्शक गोल डबीत ठेवली. ती शिवराई आत्याने दर दिवाळीला चिंचेने घासून लखलखीत केलेली, अक्षरं अर्धी झिजलीत. आत्याने ती देव म्हणून घासली, पूजेतल्या नाण्याची काळजी घरात अशीच घेतात, तिला मी काय बोलणार. पण ज्यांच्याकडे अजून अशी नाणी असतील त्यांना हात जोडून सांगतो, चिंच नको, लिंबू नको, राख नको. ती काळपट-चॉकलेटी झाक शे-दोनशे वर्षांत चढलेली असते आणि खालच्या तांब्याला तीच सांभाळते.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. खिडकीच्या बाजूला पुठ्ठ्यावर लिहायला जागा मिळते. वर साल आणि टांकसाळ, खाली कुठून आलं ते. ‘आजोबांचा डबा’, ‘पुणे, जुना बाजार, रविवार’, ‘मामींनी दिलं, मुंजीत ओवाळणी’. पेन्सिलने लिहा आणि नाणं आत घालायच्या आधी लिहा, नंतर लिहिलं तर टोकाचा दाब नाण्यावर येतो. हे लिहायला बसलो तेव्हा कळलं की आजोबांच्या निम्म्या नाण्यांबद्दल मला काहीच माहीत नाही, आईला विचारलं, आत्याला फोन केला, आणि आत्याने सांगितलं की एडवर्डचा रुपया पणजोबांना आंबे बोटीवर चढवल्याच्या मजुरीत मिळालेला. हे मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आता ते त्या होल्डरवर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे.

फाइलमध्ये लावायच्या वीस खणांच्या पानांबद्दल सावध राहा. होल्डर चांगला आणि पान परत पीव्हीसीचं असं सर्रास विकतात, मला एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘सेफ’ म्हणून पाठवलेली पानं रेनकोटच्या वासाची निघाली, परत केली. पॉलिप्रॉपिलीनची मागा. नाहीतर लांबट पुठ्ठ्याचा खोका घ्या ज्यात होल्डर कार्डांसारखे उभे राहतात, मी शेवटी तेच केलं, खोका हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, निळ्याच्या गुलाबी झाल्या की गरम करून परत वापरतो.

तिकिटांबद्दल थोडंच, कारण हे होल्डर त्यांच्यासाठी नाहीत. पण तोच मऊ अल्बम तिकिटांनाही बाधला. धोंडो केशव कर्वे यांचं १९५८ चं तिकीट, अण्णा हयात असताना, त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाला निघालेलं, आणि अण्णा आमच्या इथल्या मुरुडचे, म्हणून आजोबांनी जपून मिंट, म्हणजे न वापरलेलं आणि मागचा गोंद शाबूत असलेलं, ठेवलेलं. त्याचा मागचा गोंद प्लॅस्टिकला चिकटला. पाण्यात भिजवून तिकीट सुटलं पण गोंद गेला, म्हणजे मिंट राहिलं नाही. तिकिटांना स्टॉकबुक घ्या, काळी पानं, मध्ये ग्लासीन म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद असलेलं, आणि ते कपाटात उभं ठेवा, आडवं ठेवून वर पुस्तकांचा ढीग केलात तर पावसाळ्यात गोंद धरतोच.

अजून एक, होल्डरमध्ये घातलेली नाणी बघून लोकांना वाटतं फार मौल्यवान असणार, दोघांनी मला विचारलं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं ना. नाही जात. असल्या जाहिराती करून आधी फी मागणाऱ्यांबद्दल २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः सावध केलेलं आहे, कृपया कुणी पैसे भरू नका.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टेपलच्या गंजाचा कापला. समुद्रापासून लांब राहत असाल तर पाच धरा. परवा आत्याने तिच्या शिवणाच्या डब्यातून अकरा नये पैसे काढून दिले, बटणांत मिसळलेले, त्यामुळे १७.५ चं अजून एक पाकीट मागवलंय आणि यावेळी तिलाच शेजारी बसवून एकेकावर लिहून घेणार आहे.