काटा की तहान : लांब धावताना पाण्याचा हिशोब कोणावर सोपवायचा?

पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणारे हमखास विचारतात, पाणी मोजून प्यायचं की तहान लागेल तसं? मी दोन्ही केलंय. दोन हंगाम वजनकाट्यावर काढले, त्यानंतरचे चार तहानेवर. माझं मत कुठे झुकतं ते लपणार नाही. तरी काट्याची बाजू मनापासून मांडतो, कारण त्याने मला बरंच शिकवलं.

काट्याची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. धावण्याआधी आणि नंतर, कपडे काढून आणि अंग पुसून वजन करायचं. जेवढं घटलं त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवलं की घाम कळतो. उन्हाळ्यातल्या एका दोन तासांच्या लाँग रनला मी ६८.४ किलोवरून ६६.९ वर आलो आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलो होतो. म्हणजे दोन लिटर घाम, ताशी एक लिटर. असा आकडा हाती आला की धीर येतो. माझा घाम मला वाटायचा त्यापेक्षा बराच जास्त निघाला. लाँग रनच्या दिवशी संध्याकाळी डोकं का जड व्हायचं, तेही उमगलं. धावून आल्यावर मी दिवसभर पुरेसं पाणीच पीत नव्हतो. ही सवय काट्यामुळे सुधारली, तहानेमुळे नाही.

मग त्या आकड्यावरून ताशी ८०० मिली ठरवलं आणि घड्याळात दर पंधरा मिनिटांचा गजर लावला. माझं बिनसलं ते इथे.

आकडा शिळा होतो. उन्हाळ्यात मोजलेला घाम थंडीत लागू पडत नाही, सरावाच्या वेगातला शर्यतीच्या वेगात पडत नाही, दमट हवेतला कोरड्या हवेत पडत नाही. खरं तर प्रत्येक हवामानाला आणि प्रत्येक वेगाला नवं मोजमाप हवं. ते किती वेळा करणार? मी नाही केलं. तोच आकडा घेऊन थंडीतल्या मॅरेथॉनला उभा राहिलो. पहाटे गारवा होता, वेग बेताचा होता, घाम फारसा नव्हता आणि गजर मात्र दर पंधरा मिनिटांनी वाजत होता. अठराव्या किलोमीटरला पोटात पाणी डुचमळायला लागलं. पुढच्या पाण्याच्या टेबलाकडे बघायची इच्छा नव्हती, तरी मी प्यायलो, कारण योजनेत तसं होतं. तिसाव्या किलोमीटरनंतर बोटं सुजल्यासारखी वाटली आणि मळमळायला लागलं. मग मी गजर बंद केला. ४ तास २० मिनिटांनी पोचलो, ओले कपडे काढून वजन केलं, तर सुरुवातीपेक्षा ६०० ग्रॅम जास्त!

धावून वजन वाढणं ही सगळ्यात वाईट खूण, हे मला नंतर नीट कळलं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, त्यात १३ टक्के जणांचं सोडियम, म्हणजे रक्तातल्या मिठाचं प्रमाण, धोक्याच्या रेषेखाली होतं. त्याच्याशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो शर्यतीत वाढलेल्या वजनाचा. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना धोका अधिक होता, म्हणजे माझ्यासारख्यांनाच. लांब पल्ल्याच्या ताणात शरीर लघवी रोखून धरणारं संप्रेरक सोडत राहतं. त्यामुळे जादा पाणी बाहेर पडत नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. मिठाच्या गोळ्या किंवा स्पोर्ट्‌स ड्रिंकने हे टळत नाही; बाटलीतल्या पेयात तर सोडियम रक्ताच्या मानाने फारच कमी असतं.

मोजून पिणारे म्हणतील, चूक काट्याची नाही, माझी. काही अंशी मान्य. पण त्या काट्यावरही सगळी घट पाण्याची नसते. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, धावण्याचं इंधन. त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ग्लायकोजेन जळलं की ते मोकळं होतं. शिवाय जळालेलं इंधन श्वासावाटे बाहेर जातं. म्हणून मॅरेथॉननंतर किलो-दीड किलो कमी भरणं म्हणजे तेवढं पाणी भरून काढायला हवं होतं, असं नाही. इथिओपियाचा नामवंत धावपटू हायले गेब्रसेलासी याने २००९ची दुबई मॅरेथॉन जिंकली तेव्हा त्याचं वजन जवळजवळ दहा टक्के उतरलं होतं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या माँ-सँ-मिशेल मॅरेथॉनच्या ६४३ धावपटूंची वजनं घेतली, तर वेगात आलेल्यांचंच वजन जास्त घटलेलं निघालं. पाणी कमी प्यायल्याने वेग वाढतो असा याचा अर्थ नाही. पण धावताना वजन दोन टक्के घटलं की खेळ संपला, असं जे धावपटूंना सांगितलं जातं, त्याची भीती मला तेव्हापासून उरली नाही.

सल्लाही काळानुसार बदलत गेलाय. १९९६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन ही क्रीडावैद्यकातली संस्था घामाएवढं किंवा पोटाला झेपेल तेवढं प्या म्हणत होती. २००७ साली तिनेच जादा पिण्याविरुद्ध बजावलं. धावताना सोडियम घटण्याच्या प्रश्नावर २०१५ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेने तर तहानेवरच भर दिला.

तहानेची कुरकूरही आहे. तहान लागते दोन टेबलांच्या मधे, आणि पाणी असतं दोन किलोमीटर पुढे. म्हणून मी हातात छोटी बाटली ठेवतो. चढणीवर किंवा गर्दीत तहान जाणवायची राहून जाते, एकदा भर उन्हात मी त्यामुळे शेवटचे आठ किलोमीटर फार वाईट काढले. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे साठीपुढच्या धावपटूंना केवळ तहानेवर राहा असं सांगायला मी कचरेन. तीन तासांच्या आत मॅरेथॉन पळणारे, ज्यांचा घाम धो धो वाहतो आणि ज्यांना टेबलापाशी रेंगाळायला वेळ नसतो, त्यांनाही आधी ठरवलेला आकडा उपयोगी पडत असावा. तुम्ही यांपैकी असाल तर काटा घ्या. फक्त शर्यत ज्या हवेत आणि ज्या वेगाने होणार, त्याच हवेत आणि वेगात मोजा, तेही एकदा नाही, तीन-चारदा.

बाकीच्यांना, विशेषतः चार तासांच्या पुढे राहणाऱ्यांना, मी तहानच सुचवेन. माझा काटा आजही आहे, पण त्याचं काम बदललंय. लाँग रननंतर त्याच्यावर उभा राहतो ते वजन वाढलं तर नाही ना, एवढंच बघायला. वाढलेलं दिसलं तर पुढच्या आठवड्यात बाटली अर्धीच भरतो. गजर मात्र त्या थंडीनंतर पुन्हा लावलेला नाही.