लॉगानिम: आयर्लंडच्या मौजांचा नावनिशीवार दफ्तरखाना

डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी आणि आयर्लंड सरकारची स्थलनाम शाखा यांच्या सहकार्यातून उभे राहिलेले 'लॉगानिम' हे स्थलनामांचे मोफत संकेतस्थळ मी गेला महिनाभर, शेताच्या फेरफाराची कागदपत्रे चाळता चाळता, वापरत आहे; मौजा, शिवार आणि परगणा हे शब्द ज्याला परके नाहीत अशा विदर्भातल्या वाचकाला ते विशेष भावेल. तिथली उतरंड प्रांत, काउंटी, बॅरनी, सिव्हिल पॅरिश आणि सर्वांत खाली 'टाउनलँड' अशी असून, टाउनलँड म्हणजे जवळपास आपला मौजाच. संपूर्ण आयर्लंड बेटावर त्यांची संख्या ६० हजारांहून अधिक आहे. बॅरनीचे कारभारातले महत्त्व १८९८ च्या कायद्यानंतर संपले, म्हणजे तिची गत परगण्यासारखीच झाली.

केरी काउंटीच्या किनाऱ्यावरचे 'डनक्विन' शोधले, तेव्हा 'डून खीन' हे मूळ आयरिश नाव समोर आले. यातला 'डून' म्हणजे गढी. त्याच पॅरिशमधले ग्रेट ब्लास्केट हे बेट १९५३ मध्ये रिकामे झाले, तरी टाउनलँड म्हणून त्याची नोंद कायम आहे. आमच्याकडेही वस्ती उठून गेलेली मौजे महसुली दफ्तरात 'रिठी' म्हणून जिवंत आहेतच की!

नावाची जुनी स्पेलिंगे टिपलेल्या कागदांच्या प्रतिमा हा माझ्या मते या संकेतस्थळाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. मजकूर केवळ आयरिश व इंग्रजीत असला, तरी शोध सोपा आहे. आमच्या गावच्या नेटवर्कवर मात्र या प्रतिमा रात्री अकरानंतरच उघडतात.